रात्रही तापते तेव्हा

‘असे कितीतरी उन्हाळे पाहिले आहेत आम्ही,’ हे वाक्य अनेक घरांत दर चैत्र-वैशाखात ऐकू येते. ते खोटे नाही. परंतु ज्या उन्हाळ्यांनी हा अनुभव दिला, ते उन्हाळे आता पालटले आहेत आणि ते सोसणारे शरीरही.

१९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढल्याची नोंद केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० सालच्या अहवालात आहे. आकडा लहान दिसतो. पण सरासरी किंचित वर सरकली, तरी टोकाच्या उष्ण दिवसांची संख्या बरीच वाढते. त्याहून चिंतेची बाब रात्रींची. दिवसभर तापलेले शरीर रात्रीच्या गारव्यात सावरते. दिवसा तापलेला स्लॅब रात्री उष्णता सोडत राहिला, तर हृदयाला ती विश्रांती मिळत नाही आणि कालचा ताण आजच्या उन्हात मिसळतो. म्हणून वर्तमानपत्रातील कमाल तापमानाबरोबर किमान तापमानही पाहण्याची सवय लावून घ्यावी.

उतारवयात तहानेची जाणीव मंदावते, घाम कमी येतो. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांमुळे शरीरातील पाणी आणखी घटते. ‘तहान लागली की पिऊ’ हा नियम म्हणूनच पुरेसा नाही. ठरावीक वेळाने थोडे थोडे पाणी घ्यावे. हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा असेल, तर उन्हाळ्यापुरते प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

खोलीचे तापमान चाळीसच्या वर गेल्यावर नुसता पंखा गरम हवाच अंगावर फेकतो. अशा वेळी ओल्या कापडाने अंग पुसत राहावे. पहाटे खिडक्या उघडाव्यात, ऊन चढताच पडदे ओढावेत, आणि वरच्या मजल्यावर झोपणाऱ्या आजी-आजोबांची व्यवस्था खाली करावी.

काळजीवाहकांनो, असंबद्ध बोलणे, तोल जाणे, अंग भाजल्यासारखे गरम लागणे या खुणा दिसल्यास ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नका. १०८ क्रमांकावर दूरध्वनी करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत अंगावर पाणी शिंपडून वारा घाला. शुद्ध हरपली असल्यास तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी येथे उपयोगी नाही.

पावसाचीही रीत बदलली आहे. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेश व्यापणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या; पावसाचे एकूण प्रमाण मात्र वाढले नाही. म्हणजे पाऊस थोड्या दिवसांत कोसळतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे मुंबईकर विसरलेले नाहीत. अशा दिवशी औषधाचे दुकान गाठणे अशक्य होते. म्हणून पावसाळ्यापूर्वीच किमान आठवड्याची औषधे, औषधांच्या नावांची चिठ्ठी व विजेरी उंच जागी, कोरड्या डब्यात ठेवावीत. साचलेल्या पाण्यातून चालावे लागले, तर लेप्टोस्पायरोसिसच्या प्रतिबंधासाठी ताप येण्याची वाट न पाहता ७२ तासांच्या आत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

अनुभव टाकून द्यायचा नाही. त्याला बदललेल्या ऋतूंची जोड द्यायची आहे. आज रात्री ज्येष्ठांच्या खोलीत काही मिनिटे बसून पाहा. ती खोली गार होते की नाही, एवढे कळले तरी तयारीला आरंभ झाला.