शेड नंतर ठरवा, आधी प्रायमरचं विचारा



आपल्या नाशिकमध्ये नव्या फ्लॅटमध्ये आतली भिंत हल्ली विटांची न घालता जिप्सम बोर्डची करतात. हॉलचा कोपरा वेगळा काढून देवघर करायचं असेल, तरी हेच सुचवतात. काम लवकर होतं, चिखल-पाणी होत नाही. पण भिंत उभी राहिली की घरातली सगळी चर्चा रंगाच्या शेडवर सुरू होते. माझं स्पष्ट मत आहे, की शेड शेवटी ठरवावी. आधी ठेकेदाराला विचारावं, ‘प्रायमर कधी आणि किती हात?’

या बोर्डाच्या पोटात जिप्सम असतं आणि दोन्ही बाजूंना कागद. सांध्यांवर पट्टी लावून मसाला भरतात, स्क्रूची डोकीही त्यानंच बुजवतात. कागद आणि मसाला रंग सारखा शोषत नाहीत. थेट रंग दिला तर उजेडात सांध्यांचे पट्टे दिसतात. शिवाय घासाईची पांढरी भुकटी भिंतीवर राहिली, तर रंग भिंतीला न चिकटता त्या भुकटीला चिकटतो. मग खुर्ची घासली, चिकटपट्टी ओढली, की पोपडा निघालाच. प्रायमर भिंतीचं शोषणं सारखं करतो आणि रंगाला पकड देतो.

ही समज आपल्याकडे नवी नाही. अजिंठ्याच्या चित्रकारांनी खडबडीत दगडावर आधी वनस्पतींचे तंतू घातलेला मातीचा गिलावा चढवला, त्यावर चुन्याचा पातळ थर दिला आणि मगच रंग भरले. वेरूळच्या आपल्या इंद्रसभा लेण्यातही छतावर जुन्या चित्रांचे अवशेष आहेत. रंग टिकवायचा तर खालचा थर आधी, हे त्या कारागिरांना ठाऊक होतं.

काही रंगारी म्हणतात, ‘ताई, प्रायमर कशाला? रंगाचाच एक हात जास्त देतो.’ मी कॉमर्सवाली, मला हा हिशोब पटत नाही. महागडा रंग बोर्डाला पाजायचा आणि स्वस्त प्रायमर वाचवायचा, याला बचत म्हणत नाहीत. भिंत पुन्हा खरवडायची वेळ आली तर मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागते, ती वेगळीच.

म्हणून कोटेशनमध्ये कामाच्या ओळी वेगवेगळ्या लिहून घ्या: सांधे भरणं, घासाई, प्रायमर, रंगाचे दोन हात. पुट्टी करणार असाल, तर तिच्यावर पुन्हा प्रायमर. मसाला पूर्ण वाळल्यावरच घासू द्या. मग भिंतीवरून काळं कापड फिरवा. ते पांढरं झालं, तर आधी भिंत नीट पुसून घ्यायला सांगा. प्रायमरमध्ये पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच. तो सुकला की संध्याकाळी बॅटरी भिंतीला तिरपी धरून बघा, खड्डे-उंचवटे लगेच दिसतात. शेवटचा हप्ता हे सगळं पाहूनच द्या. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीसाठी ओल सहन करणारा बोर्ड मागा. साधा बोर्ड तिथे टिकत नाही.

आपल्यासाठी यात आणखी एक गोष्ट आहे. ओल कोंडलेल्या भिंतीवर बुरशी धरते. बुरशीत जीव आहे, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. ती आल्यावर घासून काढण्यापेक्षा येऊच न देणं, हीच खरी जयणा. चातुर्मासात हवा दमट असते, मसाला वाळायला वेळ लागतो. तेव्हा घाई करूच नये.

दिवाळीला पाहुणे येणार म्हणून ओल्या भिंतीवर रंग चढवू नका. एका दिवाळीला भिंत कोरी राहिली, तर कुणी नावं ठेवणार नाही. ठेवलीच, तर त्यांना चहा द्या आणि भिंत वाळतेय म्हणून सांगा!