लोणारची सहल आणि उत्क्रांतीचा धडा

दहावीला ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा धडा आमच्या सरांनी अर्धाच शिकवला. “उत्क्रांती घरी वाचून घ्या,” म्हणाले. घरी विचारले तर अब्बा म्हणाले, “परीक्षेपुरते पाठ कर, बेटा.” पाठ केले, गुणही मिळाले. समजले मात्र काहीच नाही.

समजले ते बी.एस्सी.ला असताना, लोणारच्या सहलीत. आमच्या कामरगावची काळी माती ज्या खडकाची झाली, तो बेसाल्ट म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्याच खडकावर उल्का आदळून लोणारचे सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचे विवर झाले. आतले पाणी इतके खारे आणि अल्कधर्मी, की त्यात मोजकेच जीव तगतात. जून 2020 मध्ये ते गुलाबी झाले, तेही मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. कोरड्या जमिनीत असले तरी हे एक बेटच आहे. भोवतालपेक्षा वेगळे, आपल्या अटींवर चालणारे.

गॅलापागोस ही तर खरीच ज्वालामुखीची बेटे. डार्विन तिथे 1835 मध्ये गेला. 1973 पासून पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दांपत्याने तिथल्या एका लहान बेटावर फिंच पक्ष्यांच्या चोची वर्षानुवर्षे मोजल्या. 1977 च्या दुष्काळात बारीक बिया संपल्या. टणक बी फोडणारे मोठ्या चोचीचे पक्षी जास्त तगले आणि पुढच्या पिढीची चोच सरासरीने मोठी निघाली. ‘माकडाचा माणूस’ म्हणून आपण ज्याची थट्टा करतो, ते असे पट्टीने मोजता येते.

हे काम आपल्याला परके नाही. विद्यापीठाची पदवी नसलेल्या सालिम अलींनी 1930 मध्ये अलिबागजवळ किहीमला सुगरणींची घरटी रोज पाहून त्यांचे विणीचे गुपित उलगडले. जमिनीवर फिरून निर्मितीची सुरुवात पाहण्याचे आवाहन कुरआनातही आहे (सूरह अन्कबूत, आयत 20). तकरिरीत ते आपण ऐकतो, पण सहलीची चिठ्ठी घरी आली की विसरतो.

“मुलगी रात्री कुठे राहणार?” या प्रश्नावर अब्बांना राजी करायला मला आठवडा लागला. माझ्या मैत्रिणीच्या घरचे राजी झालेच नाहीत. पुढे तिने विज्ञानच सोडले.

कोणी काय मानावे, हे मी सांगणार नाही. पण पाहिल्याशिवाय नाकारू नका आणि मुलींना पाहण्यापासून अडवू नका. काळजी वाटत असेल तर अम्मीने किंवा खालाने सोबत जावे. सुरुवात आपल्या कारंजा-सोहोळ अभयारण्यातल्या काळविटांपासून करता येईल. त्यासाठी ना पासपोर्ट लागतो, ना मोठा खर्च.