दवाखाना, बाजार आणि बाग

आपण यवतमाळकर नागपूरला जातो ते बहुधा दवाखान्यासाठी, नाहीतर लग्नाच्या खरेदीसाठी. सोबतची मुले दिवसभर कंटाळतात. पुढच्या खेपेला दीड तास राखून ठेवा. सीताबर्डीच्या बाजाराजवळच महाराजबाग आहे. मूळची ती भोसले राजांची; आता कृषी महाविद्यालयाकडे आहे. तिथले प्राणिसंग्रहालय १८९४ पासूनचे. सुटीचा वार मात्र आधी विचारून घ्या. मुलांना प्राण्यांबरोबर झाडेही दाखवा. उर्दूतला बरगद म्हणजेच मराठीतला वड, हे सावलीत उभे राहून सांगितले की पक्के लक्षात राहते. आणि घरच्या बायकांना पिशव्या सांभाळायला बाहेर बसवू नका. अम्मी, खाला, भाभी यांनाही आत न्या, निवांत फिरू द्या. वर्षभर घर सांभाळणाऱ्यांचा त्या दीड तासावर पहिला हक्क आहे.