जागा दिली, दुसरे मत दिले नाही

१८ मे २०२५ रोजी रोमानियात राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली आणि बुखारेस्टचे महापौर निकुशोर डान ५३.६ टक्के मते घेऊन निवडून आले. त्यांच्यासमोर होते कडव्या राष्ट्रवादाचे जॉर्जे सिमिओन. त्याआधी नोव्हेंबर २०२४ मध्ये याच पदासाठी मतदानाची पहिली फेरी झाली होती. तीत कालिन जॉर्जेस्कू नावाचा अपक्ष उमेदवार कुणाच्या ध्यानीमनी नसताना पहिला आला आणि ६ डिसेंबरला तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ती निवडणूकच रद्द ठरवली. आपल्याकडे या सगळ्याची चर्चा झाली ती रशिया, नाटो आणि टिकटॉक एवढ्यापुरती. आम्हाला मात्र या निवडणुकीतली दुसरीच एक गोष्ट महत्त्वाची वाटते, आणि ती आंबेडकरी वाचकाने बारकाईने पाहावी अशी आहे.

रोमानियात हंगेरियन भाषकांची संख्या दहा लाखांच्या घरात आहे. सिमिओन यांचे नाव गाजू लागले त्यात जून २०१९ मधल्या उझ खोऱ्यातील लष्करी दफनभूमीच्या वादाचा वाटा होता. हंगेरियनांच्या विरोधात चाल करून गेलेल्या त्या जमावात ते होते. हंगेरियन समाज हे विसरला नाही. हारगिता या हंगेरियनबहुल जिल्ह्यात डान यांना नव्वद टक्क्यांच्या आसपास मते पडली. त्यांच्या पक्षाने हाक दिली आणि समाज रांगा लावून उभा राहिला. या पक्षाचे नाव रोमानियातील हंगेरियनांचा लोकशाही संघ, लघुरूप यूडीएमआर. डिसेंबर १९८९ मध्ये चाउशेस्कूची राजवट कोसळली आणि काही दिवसांतच हा संघ उभा राहिला. १९९६ साली तो पहिल्यांदा सरकारात गेला. त्यानंतर सरकार डाव्यांचे येवो की उजव्यांचे, त्यांची खासदारसंख्या लागतेच. जून २०२५ मध्ये इलिये बोलोजान यांचे सरकार बनले, त्यातही त्यांचे मंत्री होते.

आता प्रश्न असा की, त्याच देशातले रोमा कुठे होते?

रोमा म्हणजे ज्यांना युरोप हिणवून जिप्सी म्हणत आला ते. आजच्या रोमानियाचे जे दोन प्रांत, वालाकिया आणि मोल्दाविया, तिथे हे लोक सुमारे पाचशे वर्षे गुलाम होते. राजाचे गुलाम, मठांचे गुलाम, बोयार म्हणजे जमीनदारांचे गुलाम. विकले जात, दान दिले जात, लग्नात आंदण दिले जात. १८५५ साली मोल्दावियात आणि १८५६ साली वालाकियात ही गुलामगिरी संपवण्यात आली. भरपाई मिळाली ती मालकांना. गुलामांच्या हाती जमिनीचा तुकडासुद्धा पडला नाही. १९४२ मध्ये अंतोनेस्कूच्या राजवटीने सुमारे २५ हजार रोमांना ट्रान्सनिस्त्रियात हाकलले, त्यातले ११ हजारांच्या आसपास भुकेने, थंडीने, रोगराईने मेले. लोकशाही आल्यावर तरी? सप्टेंबर १९९३ मध्ये हादारेनी गावात तीन रोमा तरुणांचा जीव गेला, वस्ती पेटवून देण्यात आली, आणि हे सगळे पोलिसांच्या डोळ्यांदेखत झाले. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००५ साली त्याबद्दल रोमानियाला दोषी धरले. वस्ती कशी पेटते आणि पोलीस कुठे उभे असतात, हे आमच्या वाचकांना आम्ही सांगायला नको.

अशा समाजाला रोमानियाच्या १९९१ च्या राज्यघटनेने संसदेत जागा दिली. तरतूद ऐकायला छान आहे. राष्ट्रीय अल्पसंख्याकांची जी संघटना नेहमीच्या नियमाने निवडून येऊ शकत नाही, तिला कनिष्ठ सभागृहात एक जागा मिळेल. एका अल्पसंख्याक समाजाचे प्रतिनिधित्व एकच संघटना करील. इतर पक्षांना देशभरात ५ टक्के मतांची अट आहे, या संघटनांना मात्र त्या मानाने अगदी किरकोळ मते पुरतात. २०२४ च्या निवडणुकीनंतर ३३१ खासदारांच्या सभागृहात अशा १९ जागा होत्या. युरोपात याचे कौतुक होते. आपल्याकडेही काही विद्वान हा दाखला देऊन सांगतील की पाहा, किती उदार घटना आहे!

पण जरा हिशेब मांडू या. २०२१ च्या जनगणनेत स्वतःला रोमा म्हणवणारे ५ लाख ६९ हजार निघाले. युरोप परिषदेचा अंदाज साडेअठरा लाखांचा आहे. त्यांना जागा एक. जर्मन भाषक राहिलेत तेवीस हजारांच्या आतबाहेर, त्यांनाही एक. आल्बेनियन तर काही शेकडाच आहेत, त्यांनाही एक. म्हणजे ही जागा माणसे मोजून दिलेली नाही. प्रत्येक समाजाचा एकेक नमुना संसदेत मांडून ठेवला आहे. आणि अल्पसंख्याक असणे हीच अडचण आहे म्हणावे, तर तेवीस हजारांच्या त्या जर्मन समाजातले क्लाउस योहानिस २०१४ पासून दहा वर्षे राष्ट्राध्यक्ष होते. अल्पसंख्याकाला तिथे सर्वोच्च पद मिळू शकते. ज्याच्या आजाला विकले गेले होते त्याचे मात्र तसे नाही.

तरी आमचा मुख्य आक्षेप जागांच्या संख्येवर नाही. आक्षेप आहे मतावर. या जागेसाठी वेगळा मतदारसंघ नाही, वेगळी मतपत्रिका नाही. सगळ्या पक्षांच्या यादीतच रोमांच्या संघटनेचेही नाव छापलेले असते, आणि त्या मतपत्रिकेवर मतदाराला शिक्का एकच. रोमा मतदाराने तो आपल्या संघटनेवर मारला तर त्या सभागृहात कुणाचे बहुमत होणार, यात त्याचा शब्द संपला. तिथले बहुमत ठरवायला गेला तर आपल्या माणसाला मुकला. समाजाचा प्रतिनिधी हवा की राज्यकारभारात वजन हवे, दोन्हींपैकी एक निवड, असे त्याला सांगितले जाते.

इथेच आम्हाला ऑगस्ट १९३२ आठवतो. जातीय निवाड्याने अस्पृश्यांना ७१ जागा दिल्या होत्या, आणि त्यांच्यासोबत दोन मते. एक मत स्वतंत्र मतदारसंघात आपला प्रतिनिधी निवडण्यासाठी आणि दुसरे सर्वसाधारण मतदारसंघात. पुणे कराराने जागा १४८ केल्या आणि ते दुसरे मत गेले. जागा दुपटीने वाढल्या म्हणून आजही काही भाबडे लोक तो करार फायद्याचा झाला असे सांगतात. बाबासाहेबांनी १९४५ साली काँग्रेस आणि गांधींवरच्या आपल्या ग्रंथात याचा हिशेब मांडला आहे. त्यांच्या मते कितीही जादा जागा दिल्या तरी त्या दुसऱ्या मताची भरपाई होत नव्हती. कारण उघड आहे. ज्या सवर्ण उमेदवाराला अस्पृश्यांच्या मतावर निवडून यायचे आहे, तो त्यांना लाथाडू शकत नाही. पहिले मत आपला माणूस आत पाठवते, दुसरे मत बाहेरच्या माणसाला आपल्या दारात आणते. रोमानियात पहिले आहे, दुसरे नाही. आपल्याकडे १९३२ नंतर, चार उमेदवारांच्या प्राथमिक निवडीची तात्पुरती सोय संपल्यावर, दुसरेच उरले, पहिले गेले. दोन्हीकडे माणूस अर्धाच राहिला.

रोमा मतदाराने मग काय केले? तो आपल्या संघटनेपासून दूर गेला. पार्टिदा रोमिलोर, म्हणजे रोमांचा पक्ष, याला २००० साली सत्तर हजारांच्या वर मते होती. २०१६ मध्ये ती तेरा हजारांवर आली. जागा मात्र टिकली, कारण ती टिकायला तेवढीही पुरतात! मते घटली तरी जागा जात नसेल तर नेत्याने वस्तीत कशाला जावे? आणि एकट्या खासदाराची गरज तरी कुणाला? अल्पसंख्याकांचा हा गट बहुतेक वेळा जे सरकार असेल त्याच्या बाजूने उभा राहतो. रोमांच्या पक्षाने तर १९९९ पासूनच मोठ्या समाजवादी पक्षाशी निवडणूक करार केले. कांशीरामजींनी १९८२ साली अशा प्रतिनिधींसाठी एक शब्द रूढ केला होता. तो इथे लिहीत नाही, वाचकांना तो माहीत आहे.

मग दुसरी संघटना का उभी राहत नाही? तिथे कायद्याचे कुलूप आहे. २००४ पासून नियम असा की, जी संघटना आधीच संसदेत आहे तिला वाट मोकळी. नव्या संघटनेने मात्र समाजाच्या जनगणनेतील संख्येच्या १५ टक्के सभासदांची यादी द्यायची. रोमांसारख्या मोठ्या समाजाच्या बाबतीत ती यादी किमान २० हजारांची, निदान १५ जिल्हे आणि बुखारेस्टमधली, प्रत्येक ठिकाणचे किमान ३०० सभासद दाखवणारी. निवडून यायला तेरा हजार मते पुरतात आणि उभे राहायला वीस हजार सभासद लागतात! नव्या संघटनांवर लादलेल्या अशाच एका जादा अटीबद्दल युरोपीय न्यायालयाने मार्च २०२० मध्ये, इटालियन अल्पसंख्याकांच्या प्रकरणात, हा भेदभाव आहे असा निकाल दिला.

राहिलेली रोमा मते जातात कुठे, हे पाहायला गावात जावे लागते. २००१ च्या कायद्याने गरिबांना किमान उत्पन्नाची मदत मिळू लागली, पण ती मिळते गावच्या मेयरच्या कचेरीतून. अर्ज तिथे, तपासणी तिथे, मदतीच्या बदल्यात गावकीची कामे करायची तीही त्याच्याच सांगण्यावरून. आपल्याकडचा सरपंच आणि रेशन दुकानदार एकाच माणसात पाहावा, तसा हा मेयर. इसाबेला मारेस आणि लॉरेन यंग या अभ्यासकांनी रोमानिया व हंगेरीतील खेड्यांवर २०१९ साली पुस्तक लिहिले. मदत थांबेल या भीतीवर आणि उपकाराच्या ओझ्यावर मते कशी गोळा होतात, याचे त्यात तपशीलवार वर्णन आहे. मत गुप्त असते, पण चूल गुप्त नसते.

हंगेरियनांचे वेगळे का झाले, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ते काही जास्त शूर नाहीत. ते काही जिल्ह्यांत एकवटलेले आहेत, त्यांच्या भाषेच्या शाळा आहेत, चर्च आहेत, वर्तमानपत्रे आहेत, पाठीशी शेजारचा देश आहे. रोमा देशभर विखुरलेले, गावाच्या कडेला राहणारे. त्यांना यूडीएमआरचा कित्ता गिरवा म्हणून सांगणे हा शहाजोगपणा झाला. पण विखुरलेल्या समाजाला काहीच करता येत नाही, हेही खरे नाही. १९९८ साली महाराष्ट्रातून अकोला, अमरावती, चिमूर आणि उत्तर-मध्य मुंबई या चार खुल्या मतदारसंघांतून रिपब्लिकन पक्षाचे चार खासदार लोकसभेत गेले. काँग्रेसला आपली मते हवी होती, आपल्याला तिची. देवाणघेवाण बरोबरीने झाली. ते ऐक्य पुढे किती दिवस टिकले, ही जखम आज उघडत नाही.

फेब्रुवारी २०१६ मध्ये दिल्लीत आंतरराष्ट्रीय रोमा परिषद भरली होती. तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी रोमांना भारताची लेकरे म्हटले. त्यांच्या भाषेत पाण्याला पानी म्हणतात, काळ्याला कालो, माणसाला मनुष, हे खरेच. पण लेकरे म्हणणाऱ्यांना रोमांचे मूळ हवे असते, त्यांच्या हक्काची लढाई नको असते. त्यापेक्षा शेजारच्या हंगेरीतल्या रोमा कार्यकर्त्यांनी २००७ साली शायोकाझा या खेड्यात बाबासाहेबांच्या नावाने शाळा काढली, ते नाते आम्हाला जवळचे वाटते. तिथल्या मुलांना कुणी लेकरे म्हटले नव्हते. त्यांनी स्वतः वाचले आणि जयभीम म्हटले.

रोमानियात डिसेंबर २०२४ च्या संसदीय निवडणुकीत तीन कडव्या राष्ट्रवादी पक्षांना मिळून जवळपास एक तृतीयांश मते पडली. अशा हवेत आपली जात सांगायला कोण धजावणार? २०११ च्या जनगणनेत ६ लाख २१ हजार लोकांनी स्वतःला रोमा म्हटले होते, २०२१ मध्ये त्यातले पन्नास हजारांहून जास्त कमी झाले, आणि सुमारे पंचवीस लाख रहिवाशांच्या बाबतीत तो रकाना कोराच राहिला. आडनाव बदलून शहरात खोली मिळवणारी माणसे आपल्या ओळखीची आहेत. त्या कोऱ्या रकान्यांत किती रोमा आहेत, हे बुखारेस्टमधल्या त्या एकट्या खासदारालाही सांगता येणार नाही.