आवाज कुणाच्या मालकीचा?

बाई साठीला आली की तिने भजने म्हणावीत, नातवंडांचे पाळणे म्हणावेत, फार तर आरतीत वरचा सूर लावावा, असा आपल्या समाजाचा अलिखित नियम आहे. शृंगाराचे, मस्तीचे गाणे तिच्या तोंडी शोभत नाही, असे पुरुषच म्हणतात असे नाही, आपणही म्हणतो. आशा भोसले यांनी हा नियम जुमानला नाही. १९९५ साली, बासष्टीच्या उंबरठ्यावर, त्या ‘रंगीला’तल्या तरुण नायिकेसाठी गायल्या. आणि २००५ साली त्यांनी त्याहून धाडसाची गोष्ट केली.

अमेरिकेतल्या क्रोनॉस क्वार्टेट या तंतुवाद्यांच्या चमूबरोबर त्यांनी ‘यू हॅव स्टोलन माय हार्ट’ हा अल्बम केला. गाणी राहुल देव बर्मन यांची, म्हणजे १९९४ साली गेलेल्या त्यांच्या पतीची. साथीला झाकिर हुसेन यांचा तबला होता. जुनी ध्वनिमुद्रणे नव्या वेष्टनात घालून विकण्याचा हा प्रकार नव्हता. १९७१ च्या ‘कारवाँ’मध्ये हेलनच्या नाचासाठी गायलेले ‘पिया तू अब तो आजा’ बहात्तरीला टेकलेल्या बाईने पुन्हा नव्याने गायले. ‘दम मारो दम’ गायले, ‘चुरा लिया है’ गायले. आवाज पूर्वीसारखा कोवळा नाही, आणि तो तसा भासवण्याचा खटाटोपही नाही. या अल्बमला ग्रॅमीचे नामांकन मिळाले.

मला यात पुरस्कारापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. हिंदी सिनेमाने बायकांची वाटणी केली होती. घरंदाज नायिका एकीकडे, क्लबात नाचणारी ‘तसली’ बाई दुसरीकडे. आशाताईंच्या वाट्याला बराच काळ दुसऱ्या बाजूची गाणी आली. कोवळ्या वयात घरच्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न, पुढे ते मोडणे, मुलांना घेऊन पुन्हा उभे राहणे, हे सारे करताना पदरी पडलेले काम त्यांनी असे केले की ‘तसली’ गाणीच लोकांच्या तोंडी राहिली. म्हातारपणी त्या गाण्यांची लाज न बाळगता ती पुन्हा गाणे, हे मला त्या वाटणीला दिलेले उत्तर वाटते.

पण मैत्रिणींनो, एवढ्यावर टाळ्या वाजवून थांबता येणार नाही. या गाण्यांचे शब्द मजरूह सुलतानपुरी, आनंद बक्षी, गुलजार यांचे, चाली पंचमदांच्या. बाईने काय म्हणायचे हे पुरुषांनी ठरवले आणि बाईने ते आपल्या गळ्यातून जिवंत केले. याच्या नेमके उलट चित्र आपल्या खेड्यांत आहे. जात्यावरच्या ओवीत शब्द बाईचे, चाल तिच्या ओळखीची, दुःखही तिचेच. फक्त नाव कुठे नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या तीन हजारांहून अधिक बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या आणि गाणारणीचे नाव, गाव नोंदवून ठेवले. हे काम झाले नसते तर त्या सगळ्या ओव्या ‘पारंपरिक’ या एका शब्दात विरून गेल्या असत्या.

कर्जत-खालापूरमध्ये काम करताना हा ‘पारंपरिक’ शब्द मला फार टोचतो. आगरी लग्नात धवले म्हणणारी धवलारीण असो, वाडीवरची ठाकर आजी असो की वीटभट्टीवरून परतलेली कातकरी बाई, गाणी यांच्या तोंडी आहेत. डीजे आल्यापासून धवलारणीला बोलावणे कमी होत चालले आहे. दुसरीकडे फार्महाऊसवर पाहुण्यांसमोर ‘आदिवासी नृत्य’ हवे असते. पाहुणे मोबाईलवर चित्रण करून नेतात. बायकांना त्या दिवसाची मजुरी मिळते, कधी नुसते जेवण. चित्रण पुढे कुठे गेले, कुणी त्यावर कमावले, हे त्यांना कळत नाही. २०२३ च्या जुलैत इर्शाळवाडीवर दरड कोसळली. तिथे गाडल्या गेलेल्या बायकांबरोबर किती गाणी गेली, याचा पंचनामा कोण करणार?

कायदा मात्र आपल्याला वाटतो तितका दुबळा नाही. कॉपीराइट कायद्यात गाणाऱ्या व्यक्तीचा स्वतंत्र हक्क मानला आहे आणि २०१२ च्या दुरुस्तीने तो बळकट झाला. गाणे परंपरेने चालत आलेले, शब्द कुणा एकीचे नसलेले असले, तरी तिने ते गायले हे सादरीकरण तिचे आहे. तिच्या संमतीशिवाय ते मुद्रित करून व्यापारासाठी वापरता येत नाही. गायिका म्हणून आपले नाव दिले जावे, असा आग्रह धरण्याचाही तिला हक्क आहे. हा हक्क ५० वर्षे टिकतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आशा भोसले यांच्या बाजूने अंतरिम आदेश दिला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी त्यांच्या आवाजाची परवानगीशिवाय नक्कल करणे हा त्यांच्या हक्काचा भंग आहे, असे न्यायालयाने मानले. हा आदेश स्वागतार्ह आहे. परंतु तिथे नाव मोठे होते, वकील होते, न्यायालय गाठण्याची ऐपत होती. कशेळे किंवा चौकच्या बाजूच्या वाडीतल्या बाईचा आवाज चोरीला गेला तर तिला ते कळणारही नाही. नामवंताच्या आवाजाला किंमत आणि अनाम बाईच्या आवाजाला जेवणाचे ताट, हा न्याय आपण मान्य करायचा का?

म्हणून काही साध्या गोष्टी आपल्या गटांनी ठरवायला हव्यात. चित्रण करण्यापूर्वी बाईला विचारायचे, आणि ते कशासाठी हे तिला समजेल अशा भाषेत सांगायचे. नाव द्यायचे की नाही हे तिने ठरवायचे. पैसे मिळणार असतील तर तिचा वाटा आधी बोलून घ्यायचा, आणि तो तिच्या हातात द्यायचा, नवऱ्याच्या नव्हे. हे नियम संस्थांनाही लागू आहेत. आपल्या अहवालांत, शिबिरांच्या चित्रफितींत बायकांची गाणी आपण किती वेळा बिननावाची वापरली आहेत, ते एकदा तपासून पाहू या. बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हिशेबाच्या वहीशेजारी एक दुसरी वहीही ठेवा. गाणे कोणते, गाणारी कोण, तिला ते कुणी शिकवले, एवढे तीन रकाने पुरेत. पहिली नोंद वस्तीतल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईची करा. आणि ती भजनच म्हणेल असे गृहीत धरू नका.