झाकलेल्या कचऱ्याचा श्वास

देवनारच्या कचराभूमीला जानेवारी २०१६ मध्ये लागलेली आग मुंबईकर विसरले नसतील. कित्येक दिवस धूर शहरावर रेंगाळत होता, परिसरातील शाळा बंद ठेवाव्या लागल्या आणि धुराचा लोट उपग्रहाच्या छायाचित्रांतही टिपला गेला. आग विझली, चौकशा झाल्या, विषय थंड झाला. कचरा मात्र थंड झाला नाही. त्याच कचराभूमीतील सुमारे १२४ एकर जागा धारावीच्या पुनर्विकासासाठी देण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२४ मध्ये घेतला आणि तेथील सुमारे १८५ लाख टन जुना कचरा उपसण्यासाठी महापालिकेने २०२५ मध्ये निविदा काढली. १९२७ पासून ज्या भूमीत महानगराची घाण साठत आली, तिच्यावर हजारो कुटुंबांचे संसार थाटायचे, तर त्या भूमीच्या पोटात काय चालते याची जाण राज्यकर्त्यांना असलीच पाहिजे.

ओला कचरा गाडला गेला की त्याला हवा मिळत नाही. प्राणवायूविना जगणारे जीवाणू तो कुजवतात आणि त्यातून मुख्यतः मिथेन व कार्बन डायऑक्साइड हे वायू निर्माण होतात. हा वायू जागच्या जागी स्वस्थ बसत नाही. जेथे दाब अधिक तेथून तो कमी दाबाकडे सरकतो. दाबून बसवलेले थर आणि त्यांत आडव्या पसरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या यांमुळे वर जाण्यापेक्षा आडवे जाणे त्याला सोपे पडते. पावसाने वरची माती चिंब होऊन तिची छिद्रे बुजली, अथवा माणसाने चिकणमातीचे झाकण घातले, की तो बाजूची वाट शोधतो. खडकातील भेगा, जुनी गटारे, केबलसाठी खणलेले चर, काहीही त्याला चालते. मिथेनला वास नसतो; कचऱ्याची दुर्गंधी असते ती इतर वायूंची. हवेत त्याचे प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान आले की एक ठिणगी पुरते.

ही पुस्तकी भीती नव्हे. इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यातील लॉस्को या गावी विटांसाठी माती काढून उरलेला खड्डा कचऱ्याने भरण्यात आला होता. २४ मार्च १९८६ रोजी सकाळी त्याच्या शेजारचा एक बंगला स्फोटाने जमीनदोस्त झाला आणि आतील तिघे गंभीर जखमी झाले. त्या वेळी हवेचा दाब अवघ्या सात तासांत २९ मिलिबारने उतरला होता; बाहेरचा भार हलका होताच जमिनीतला वायू खडकांतून घराखाली शिरला. दोन वर्षे आधीपासून तेथील बागांतली झाडे मरत होती, माती ऊन लागत होती. चिन्हे होती, ती वाचणारे नव्हते!

मुंबईला उपाय ठाऊक नाही असेही नाही. गोराईची कचराभूमी २००७ नंतर शास्त्रीय पद्धतीने बंद करताना वायू खेचून घेणाऱ्या विहिरी खोदल्या गेल्या. पण हे काम एकदा करून मोकळे होण्याचे नाही. वायू कमी खेचला तर तो बाजूने पळतो. जास्त खेचला तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि ढिगाच्या गाभ्यात आग धुमसू लागते. रोज मोजणारा, रोज झडप फिरवणारा जाणता माणूस तेथे लागतो. ठेकेदाराचे देयक निघाले की यंत्रणा गंजत पडण्याची आपली रीत पाहता नेमकी हीच चिंता आहे.

देवनारचा कचरा हलवणे योग्यच आहे. परंतु उपसताना थर उघडे पडून कोंडलेला वायू मोकळा होणार, आणि बैंगनवाडी, शिवाजीनगरची वस्ती तर आज भिंतीला लागून आहे. उपसा चालू असताना या वस्तीच्या कडेने जमिनीत नळ्या रोवून वायूची मोजणी व्हावी. उपसा संपल्यावर रिकाम्या जमिनीत ती किमान एक पूर्ण पावसाळा चालू राहावी, तिचे आकडे महापालिकेने दर महिन्याला जाहीर करावेत आणि पायाभरणीचा नारळ त्यानंतरच फुटावा.