जेनेरिकचा आग्रह, गुणवत्तेचे मौन

दिल्लीतील ‘एम्स’मधून चिठ्ठी घेऊन निघालेल्या रुग्णाच्या नातेवाइकासमोर दोन वाटा असतात. ‘अमृत’ दुकानात सवलतीच्या दरात औषध मिळू शकते. तेथे ते नसेल तर युसूफ सरायमधील औषध दुकाने समोरच आहेत. सीजीएचएसचे कार्ड खिशात असलेल्या अधिकाऱ्याला या फरकाची झळ फारशी बसत नाही. करोलबागेत सोने गाळणाऱ्या खानापूर-आटपाडीकडच्या गलाई कारागिराला मात्र रक्तदाबाची गोळी दरमहा, आणि तीही आयुष्यभर, रोखीनेच घ्यावी लागते.

यावर सरकारचे उत्तर ठरलेले आहे : जेनेरिक. डॉक्टरांनी जेनेरिक नावानेच औषध लिहावे यासाठी कायदेशीर व्यवस्था करण्याचे सूतोवाच पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी एप्रिल २०१७ मध्ये सुरत येथे केले. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने तसे विनियम जारी केले आणि त्याच महिन्यात ते स्थगितही केले. इंडियन मेडिकल असोसिएशनचा आक्षेप गुणवत्तेवर होता. वैद्यकीय व्यवसायाचे औषध कंपन्यांशी असलेले लागेबांधे पाहता हा आक्षेप सर्वस्वी निःस्वार्थी मानण्याचे कारण नाही. पण म्हणून तो खोटा ठरत नाही.

डॉक्टरवर सक्ती केली तरी निवड रुग्णाच्या हाती येत नाही. ती औषधविक्रेत्याच्या हाती जाते. मूल्यनियंत्रणाच्या यादीतील औषधांवर किरकोळ विक्रेत्याचा नफा १६ टक्के गृहीत धरला जातो. यादीबाहेरच्या औषधांवर अशी सर्वसाधारण मर्यादा नाही. त्यामुळे विक्रेत्याला अत्यल्प दरात मिळालेल्या जेनेरिक गोळीच्या वेष्टनावर भरघोस किंमत छापलेली असू शकते आणि ग्राहकाची बचत मधल्यामध्ये जिरते. दुसरीकडे, प्रामाणिक विक्रेत्याचेही हात बांधलेले आहेत. चिठ्ठीवर ब्रँड लिहिला असेल, तर तोच घटक असलेले दुसऱ्या कंपनीचे स्वस्त औषध परस्पर देण्यास औषध नियमांतील ६५(११अ) हा नियम ‘शेड्यूल एच’च्या औषधांबाबत मनाई करतो. जनऔषधी केंद्रांच्या उद्घाटनाच्या भाषणांत या नियमाचा उल्लेख सहसा ऐकू येत नाही.

हा नियम शिथिल का होत नाही, याचे उत्तर गुणवत्तेपाशीच येऊन थांबते. औषधनिर्मितीचे परवाने प्रामुख्याने राज्ये देतात, औषध मात्र देशभर विकले जाते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००३ मध्येच औषध नियमनाची केंद्रीय यंत्रणा बळकट करण्याची आणि परवान्यांचे अधिकार केंद्राकडे आणण्याची शिफारस केली होती. केंद्रीय औषध प्राधिकरणाचे विधेयक २००७ मध्ये राज्यसभेत मांडले गेले, स्थायी समितीकडे गेले. २०१३ मध्ये त्याच्या जागी दुसरे विधेयक आले. २०१६ मध्ये तेही मागे घेण्यात आले. बनावट औषधांसाठी जन्मठेपेपर्यंतच्या शिक्षेची तरतूद मात्र संसदेने २००८ मध्ये तत्परतेने मंजूर केली. शिक्षा वाढवण्यास ना राज्यांचा विरोध असतो ना उद्योगाचा. अधिकार काढून घेण्यास दोघांचाही असतो. पुढे २०२३ च्या जनविश्वास कायद्याने दर्जाहीन औषधांच्या काही गुन्ह्यांत तडजोडीची वाटही मोकळी केली.

त्याची किंमत ऑक्टोबर २०२५ मध्ये देशाने पाहिली. तमिळनाडूत तयार झालेले खोकल्याचे सिरप मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यातील मुलांना दिले गेले. त्यांपैकी अनेकांना अखेरच्या उपचारांसाठी नागपूरला आणावे लागले. वीसहून अधिक बालके दगावली. सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडले. औषध परवानाधारक कारखान्याचे होते. पालकांनी ‘डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय औषध घेऊ नका’ हा सल्ला पाळला असता किंवा नसता, तरी बाटलीतील विष तेच राहिले असते.

ग्राहकाच्या हाती अगदीच काही नाही असे नव्हे. तुकडी क्रमांकासह बिल मागता येते. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम २६ नुसार कोणीही नागरिक ठरावीक शुल्क भरून विकत घेतलेले औषध शासकीय विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. ही तरतूद किती रुग्णांना माहीत असेल, हा प्रश्न अलाहिदा. शिवाय अहवाल येईपर्यंत गोळी घ्यायची की थांबवायची, हे कलम सांगत नाही.

केंद्रीय औषध नियंत्रण संस्था दर्जाहीन ठरलेल्या औषधांची यादी दरमहा प्रसिद्ध करते. सर्व राज्यांचे तपासणी निष्कर्ष तुकडीनिहाय अशा एकाच यादीत आणणे त्यांच्यावर बंधनकारक करावे, ती यादी विक्रेत्याच्या संगणकावर दिसावी आणि चाचणीत उतरलेल्या औषधांपुरता ६५(११अ) शिथिल करावा. यातील शेवटच्या गोष्टीला तर विधेयकही लागत नाही. नियमातील दुरुस्तीची अधिसूचना पुरेशी आहे. परवान्यांच्या अधिकारांसाठी मात्र २०१६ मध्ये मागे घेतलेला विषय आरोग्य मंत्रालयाला पुन्हा संसदेत आणावा लागेल.